बोला, किती चढणार?

ऑपरेशन थिएटरमध्ये एखादं माणूस इतकं खूश असू शकतं, हे तांबोळी मॅडम भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं.

मी नर्सिंग करून राहात्याहून नगरला आले आणि वीस खाटांच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटी सिस्टर म्हणून लागले. पहिल्या चार दिवसांत मला एवढंच कळलं होतं, की ओटीत सर्जन गुंजाळ सर बोलतात आणि बाकीचे ऐकतात. पाचव्या दिवशी सकाळी पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्याशा, गोलसर बाई दार खांद्याने ढकलत आल्या. एका हातात जुनी निळी पेटी, दुसऱ्या हातात खाऱ्या दाण्यांची पुडी. पुडी बाहेरच्या टेबलावर ठेवली, हात धुतले आणि टेबलावर आडव्या पडलेल्या पेशंटच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "काय दादा, घाबरलात? मी नसीम तांबोळी. तुम्हाला झोपवायचं आणि उठवायचं काम माझ्याकडे आहे. झोपवायला वेळ लागत नाही, सगळी मेहनत उठवायलाच लागते."

माणूस हसला. त्याच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन होतं. मॅडमनी मॉनिटरकडे पाहिलं. नाडी ब्याऐंशी. मग त्या आमच्याकडे वळल्या, डोळे एकदम चमकले.

"बोला, किती चढणार?"

मला वाटलं, कशाबद्दल विचारतायत? गुंजाळ सर मात्र सवयीने म्हणाले, "एकशे दहा." ओटीतल्या मावशींनी बादली खाली ठेवून सांगितलं, "शंभराच्या वर न्हाई जायचं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरून म्हटलं, "नव्वद."

"नव्वद! पोरीचा माझ्यावर फार विश्वास दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "ज्याचा अंदाज सगळ्यात लांबचा, त्याने संध्याकाळी भेळ आणायची."

मग त्यांनी मला कामाला लावलं. पूर्ण भूल दिली की माणसाचा श्वास आपणच चालवायचा असतो. त्यासाठी टोकाला दिवा असलेल्या पात्याने जीभ उचलून श्वासनलिकेत प्लॅस्टिकची नळी घालतात. हे मी पुस्तकात शिकले होते. मॅडमनी मला जे दाखवलं ते पुस्तकात वाचूनही मला दिसलं नव्हतं. "हा झोपलाय," त्या म्हणाल्या, "पण ह्याचा गळा जागा आहे. पातं लागलं की गळा बोंब मारतो आणि हृदय धावत सुटतं. नाडी चढते, बीपी चढतं. पाच-सात मिनिटांत आपोआप उतरतं. तरण्या माणसाला काही होत नाही. पण ज्याचं हृदय जुनं, ज्याच्या डोक्यातली रक्तवाहिनी नाजूक, त्याचा घात व्हायला तेवढी मिनिटं पुरतात. तू फक्त आकडे म्हण. मोठ्याने."

त्या नळी घालायला वाकल्या. एरवी अखंड बोलणाऱ्या बाई, पण त्या क्षणी त्यांचा नियम होता: नळी जाताना कुणी बोलायचं नाही. फक्त सिस्टरने नाडी म्हणायची आणि मधे सेकंद मोजायचे. पंधराच्या आत पातं बाहेर आलंच पाहिजे.

"अठ्ठ्याऐंशी... चौऱ्याण्णव... मॅडम, एकशे दोन... एकशे सहा..."

"किती सेकंद?"

"अकरा."

"घोडं उधळलं म्हणायचं, पण थोडंच!" पातं बाहेर काढत त्या म्हणाल्या. एकशे आठवर आकडा थांबला. मग उतरायला लागला. एखाद्या पोराचं पहिलं पाऊल बघावं तसं मॅडमनी त्या आकड्याकडे पाहिलं. संध्याकाळी भेळ मी आणली.

हे घोडं त्यांच्या घरातलं होतं. त्यांचे आजोबा भिंगारचे टांगेवाले. भिंगार ते नगर, दिवसभर फेऱ्या. मॅडम लहानपणी पुढे बसायच्या. आजोबांनी त्यांना सांगितलेलं, की घोड्याला मागून अचानक हात लावायचा नाही. आधी मानेवर हात ठेवायचा, बोलायचं, मग काय करायचं ते करायचं. मॅडम पेशंटच्या कपाळावर हात ठेवून गप्पा मारायच्या, पेशंट गुंगल्यावरसुद्धा बोलत राहायच्या. गुंजाळ सर एकदा म्हणाले, "मॅडम, त्याला आता ऐकू येत नाही." मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत? तुम्हाला तर जागेपणीही ऐकू येत नाही."

गुंजाळ सर मनाने चांगले, पण घाईचे. मॅडमची एक वाट बघण्याची सवय त्यांना सोसायची नाही. नळी घालण्याआधी त्या शिरेतून एक सुन्न करणारं औषध द्यायच्या आणि दीड मिनिट नुसतं थांबायच्या. औषधाचा असर तेव्हा पुरता यायचा. हातमोजे घालून उभ्या असलेल्या सर्जनला दीड मिनिट म्हणजे एक युग. "मॅडम, आता?" "नाही." "आता?" "सर, चुलीवरचा भात तुम्ही कधी केलेला दिसत नाही." मावशी तोंड फिरवून हसायच्या.

त्या नगरमधल्या सात-आठ दवाखान्यांत जायच्या. कधी सकाळी सावेडीत, दुपारी स्टेशन रोडला, संध्याकाळी आमच्याकडे, तर कधी उलटं. पेशंटला सर्जनचं नाव पाठ असतं, भूल देणाऱ्याचं कुणाला माहीत नसतं. बरे होऊन पेढे घेऊन येणारे लोक मॅडमच्या समोरून गुंजाळ सरांच्या खोलीत जायचे. मला राग यायचा. मॅडमना मात्र कधी आला नाही. "अगं, हा आपल्या पायाने चालत गेला ना? हाच माझा पेढा," असं म्हणून त्या उठायच्या आणि आत जाऊन खराखुरा पेढाही उचलून आणायच्या.

आता तात्यांची गोष्ट सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

दामूतात्या माझे सख्खे चुलते, राहात्याचे. पेरूची बाग, पासष्टीचं वय, बीपीची गोळी चालू. पित्ताशयात खडे झाले. पुतणी नगरला मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे म्हटल्यावर ते दुसरीकडे कशाला जातील? मी फोनवर बजावून सांगितलं होतं, "तात्या, आदल्या रात्री दहानंतर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

सकाळी आठला टेम्पो आला. तात्या, काकू, त्यांचा मुलगा बापू आणि आणखी पंधराजण. तात्या स्वतःच्या पायांनी ओटीत आले, टेबलावर झोपले. मॅडमनी कपाळावर हात ठेवला, दंडाला बीपीचा पट्टा बांधला. पट्टा फुगला, सुटला, आकडा आला. वर दोनशे आठ, खाली एकशे सोळा.

पुन्हा मोजलं. दोनशे चार.

"तात्या, बीपीची गोळी घेतली ना सकाळी?"

"न्हाई ना."

"का बरं?"

"आमची सुनीता म्हनली, पानी बी प्यायचं न्हाई. मंग गोळी कशी गिळू?"

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं नातं माहीत होतं. मी म्हटलं, "मॅडम, मीच सांगितलं. गोळीचं सांगायचं राहिलं."

गुंजाळ सर म्हणाले, "एक इंजेक्शन देऊन उतरवा की. पाच मिनिटांचं काम. बाहेर अख्खं गाव बसलंय."

"इंजेक्शनने आकडा उतरेल. माणूस तयार होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "नळी घालताना हा दोनशेवरून कुठे जाईल? मी आज नाही देणार भूल."

"मॅडम, साधे खडे आहेत."

"म्हणूनच. खड्यांना घाई नाही. दोन आठवड्यांनी करू."

सर हातमोजे फेकून बाहेर गेले. मला वाटलं होतं, नातेवाइकांना तोंड द्यायचं काम माझ्या अंगावर येणार. पण मॅडम माझ्या आधी व्हरांड्यात पोहोचल्या होत्या. बापू तावातावाने उभा राहिला. "असं कसं मॅडम? टेम्पो करून आलोय, मानसं कामं सोडून आली. आमी काय परत परत यायचं का?"

मॅडम त्याच्यासमोर बाकावर बसल्या. "विहिरीवर मोटर आहे ना तुमच्या?"

"हाय की."

"पाइपलाइन किती जुनी?"

"लई जुनी. आजाच्या काळची."

"वीज अचानक आली, मोटर पूर्ण जोरात चालू झाली, तर काय होतं?"

"सांधा निसटतो. मागल्या साली दोनदा निसटला."

"तात्यांची पाइपलाइन पासष्ट वर्षांची. मी गळ्यात नळी घातली की मोटर एकदम जोरात सुटणार. सांधा डोक्यात निसटला तर अर्धं अंग जाईल. मग मी चिखलात हात घालून तो बसवू शकत नाही, बापू."

 बापू एकदम म्हणाला, "मंग वाल उघडा ठेवून मोटर चालू करायची. आमी तसंच करतो. प्रेशरच येत न्हाई."

मॅडम बाकावरून उठल्याच. "व्वा! क्या बात है! अरे, हेच तर! वाल उघडायलाच दोन आठवडे मागतेय मी. रोज गोळी, मीठ कमी, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायचीच. कळलं?" त्यांनी बापूचा हात धरून हलवला. टेम्पो माघारी गेला, पण भांडण झालं नाही. जाताना काकूंनी मॅडमच्या हातात पेरूची पिशवी दिली.

दोन आठवड्यांनी तात्या आले. बीपी एकशे छत्तीस. औषध दिलं, दीड मिनिट थांबलो, नळी गेली. मी आकडे म्हणत राहिले. पट्टा फुगला, सुटला. एकशे अठ्ठेचाळीस. "वाल उघडा आहे!" मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून मला गोळीचं सांगायला विसरायची हिंमत झाली नाही. त्या प्रसंगावरून मॅडमनी मला पुढे एकदाही टोचलं नाही.

त्यांचंही एकदा चुकलं. निवृत्त मास्तर होते, काडीसारखे. बीपी चढू नये म्हणून मॅडमनी औषधं जरा जास्तच भरली. नळी गेली, नाडी चढलीच नाही, आणि पुढच्या मिनिटाला पट्ट्याने सत्तर दाखवलं. मॅडमचा चेहरा मी तेवढा पांढरा कधी पाहिला नव्हता. पाय वर, सलाइन जोरात, बीपी चढवणारं इंजेक्शन. दहा मिनिटांत मास्तर सावरले. सर म्हणाले, "चला, झालं ठीक. करायचं का सुरू?" मॅडम म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं. माझा हात जड पडला. चूक माझी." ऑपरेशननंतर मास्तरांच्या मुलालाही त्यांनी हे स्वतः सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं.

आणि कविता. 

कविता भिंगारची, चोवीस वर्षांची, आठवा महिना. नवरा लष्कराच्या ऑफिसात कारकून. दुपारी घरी तिला आकडीचा एक झटका आला. रिक्षात घालून नवऱ्याने आणलं, तेव्हा तोंडावर सूज, बीपी एकशे नव्वद. बाळाचे ठोके मंदावत होते. दुसरीकडे हलवायला वेळ नव्हता; सिझेरियन करणाऱ्या सर्जन बाईंना बोलावून घेतलं. एरवी सिझेरियनला कमरेतून भूल देतात, पण तिच्या रक्तातल्या गोठण्याच्या पेशी फार कमी निघाल्या. कमरेत सुई घालणं धोक्याचं होतं. पूर्ण भूल द्यायची, म्हणजे नळी घालायची. एकशे नव्वद बीपी असलेल्या बाईला.

तात्यांना परत पाठवता आलं होतं. हिला पाठवता येत नव्हतं.

मॅडम जेवत होत्या. ताट तसंच टाकून त्या पंधरा मिनिटांत भिंगारहून पोहोचल्या. त्या दिवशी त्यांनी किती चढणार असं कुणाला विचारलं नाही. पण त्या घाबरलेल्या नव्हत्या. आवाज नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीत, हात भराभर चाललेले. झटका थांबवायचं औषध चालू होतं, बीपी उतरवायचं औषध त्या थोडं थोडं देत होत्या. एकशे ऐंशी. एकशे सत्तर. घसा सुजलाय, नेहमीची नळी जाणार नाही, म्हणून त्यांनी एक नंबर बारीक नळी काढली, दुसरी त्याहून बारीक शेजारी ठेवली. बाळाच्या डॉक्टरांना सांगितलं, "आईसाठी मी कडक औषध देतेय. बाळ पेंगुळलेलं येईल. तयार राहा."

मग कविताच्या कपाळावर हात. "कविता, ऐकतेस ना? मी भिंगारचीच. तुझ्या गल्लीतली म्हण. उठल्यावर आपण बोलू."

मला त्यांनी कविताच्या गळ्यावर एका जागी दोन बोटांनी दाबून धरायला उभं केलं, पोटातलं वर येऊन श्वासात जाऊ नये म्हणून. डोळे मॉनिटरवर. बीपी एकशे पन्नास. "आता," त्या म्हणाल्या.

"एकशे चार... एकशे नऊ... पाच सेकंद... एकशे चौदा..."

पातं आत होतं. मॅडमचं नाक जवळजवळ कविताच्या कपाळाला टेकलेलं.

"एकशे अठरा... आठ सेकंद..."

"गेली!" पातं बाहेर. "बोटं काढू नकोस अजून. श्वास बघते. हां, आता काढ. सर्जन मॅडम, चालू करा!"

पोट उघडायला सुरुवात झाली. पण आम्हा दोघींचं लक्ष पट्ट्याकडे. नाडी क्षणाक्षणाला दिसते. बीपीसाठी पट्टा फुगावा लागतो, मग हळूहळू सुटतो, मग आकडा. तो पट्टा फुगत होता आणि मला वाटत होतं, ह्याच मिनिटात तिच्या डोक्यातल्या रक्तवाहिनीचं काय चाललं असेल? आकडा दोनशे वीस आला तर? मॅडमनी भरलेली सिरिंज हातात धरली होती.

आकडा आला. एकशे अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की सर्जन बाई दचकल्या. "अठ्ठावन्न फक्त! सुनीता, पुन्हा लाव!" पुन्हा लावलं. एकशे बावन्न.

तेवढ्यात बाळ बाहेर आलं. मुलगी. निळसर, गप्प. बाळाच्या डॉक्टरांनी पिशवीने दोन-चार श्वास दिले, पाठ चोळली, आणि ती अशी रडली की मावशी बाहेर पळाल्या सांगायला.

पण मॅडमच्या मते काम झालंच नव्हतं. ऑपरेशन संपलं, भूल उतरत आली, कविताने डोळे किलकिले केले. मॅडम तिच्यावर वाकल्या. "कविता, माझा हात दाब." उजवा हात दाबला. "आता डावा. डावा दाब, बाळा." आम्ही सगळे थांबलो. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर एक बाजू हलली नसती. कविताची डावी बोटं हळूच वळली आणि मॅडमच्या बोटांभोवती घट्ट झाली.

"दोन्ही हात!" मॅडम उड्या मारत होत्या. अक्षरशः उड्या. "दोन्ही हात दाबतेय! सुनीता, बघ, सोडतच नाहीये पोरगी!" त्या तशाच टोपीसकट बाहेर गेल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता. "दोघी आहेत!" त्या म्हणाल्या. "दोघीही आहेत!" तो उभ्याचा खाली बसला आणि तिथेच फरशीवर रडला. मॅडम त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. मी नळी धुवायच्या बहाण्याने आत पळाले, कारण मलाही रडू फुटलं होतं.

त्यानंतर काही वर्षं मॅडम येत राहिल्या. साठी उलटली. पातं धरायच्या डाव्या हाताचा अंगठा सकाळी आखडायचा. त्या गरम पाण्यात हात बुडवून यायच्या. मग एक दिवस अगदी साध्या केसला, तिशीतल्या धडधाकट तरुणाला नळी घालताना मी सेकंद म्हणत होते. "तेरा... चौदा... पंधरा..." पातं आतच होतं. मी थांबू की मोजू कळेना. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "मोज." बावीसला नळी गेली. नाडी एकशे अडतीस. पाच मिनिटांत सगळं जिथल्या तिथे आलं. पेशंट दुपारी उठून चहा मागत होता.

मॅडमनी मात्र पुढच्या केससाठी एका तरुण भूलतज्ज्ञ मुलीला फोन करून बोलावून घेतलं. गुंजाळ सर म्हणाले, "अहो, बावीस सेकंद म्हणजे काय? काही झालं का त्याला?"

"झालं नाही, म्हणून आज थांबता येतंय. झाल्यावर थांबून काय करू?"

"कॅमेऱ्याचं पातं मागवतो. पडद्यावर सगळं दिसतं, अंगठ्यावर जोर लागत नाही."

"मागवाच. तिला द्या. तिचे हात छान आहेत." त्यांनी त्या मुलीसाठी निळी पेटी टेबलावर ठेवली, आतल्या एकेका कप्प्यात काय आहे ते तिला समजावून सांगितलं. आवाजात कुठे ओल नव्हती. उलट ती मुलगी प्रश्न विचारत गेली तशा मॅडम रंगत गेल्या. गुंजाळ सर दारात उभे होते. दीड मिनिटाला कंटाळणारा तो माणूस पाऊण तास तिथून हलला नाही.

पुढे मॅडम आपल्या मुलाकडे हैदराबादला गेल्या. मिस्टर लवकर वारले होते, नगरमध्ये फक्त भिंगारच्या पुतण्याचं घर होतं. जाण्याआधी त्या मला शेवटच्या दिसल्या ते एका थंडीच्या सकाळी. मी बसमधून भिंगारला उतरले होते. शाळेच्या मैदानावर धावण्याच्या शर्यती चालू होत्या, कुंपणापाशी पालकांची गर्दी. शिट्टी झाली, छोट्या मुली पळत सुटल्या, आणि चुन्याच्या रेषेबाहेरून त्यांच्याबरोबर एक ठेंगणी, गोलसर बाईही पळत निघाली. सलवार-कमीजवर स्वेटर, ओढणी गळ्यातून मागे उडतेय. पुतण्याची मुलगी दुसऱ्या रांगेत कुठेतरी होती, बहुतेक पाचव्या नंबरावर. मी कुंपणावरून "मॅडम!" म्हणून हाक मारली. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. झेंडा घेतलेला मास्तर त्यांना बाजूला व्हा म्हणून हातवारे करत होता, आणि मॅडम त्याचाच दंड धरून ओरडून सांगत होत्या, "अहो, मला काय बघताय, तिकडे बघा! पोरगी पळतेय कशी ते बघा!"